धुवा, टाकू नका

दोल्ना रेका
१८ ऑक्टोबर २००३

चि. मिन्चो यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनाचं जोडतोस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या दाजींना परवा हॉस्पिटलातून घरी आणलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात जन्मभर जे पांढरं पीठ नाकातोंडात गेलं, त्याने फुप्फुसं दगड झालीत. ती आता मऊ व्हायची नाहीत. जेवढी जागा शिल्लक आहे तेवढी राखायची, याला दुसरं औषध नाही. धूर नको, धूळ तर मुळीच नको. घरात झाडू मारायचा नाही, काही झटकायचं नाही, सगळं यंत्राने ओढून घ्यायचं. जपलं तर माणूस काही वर्षं काढेल, नाहीतर एखादा साधा संसर्गही पुरे होईल, असं म्हणाल्या.

घरी आल्याआल्या आईने विणलेल्या सगळ्या सतरंज्या गुंडाळून तळघरात टाकल्या. फरशी उघडी पडली तर घर एकदम परक्याचं वाटायला लागलं. आमच्या लेकीने, रालित्साने, स्पेनहून पैसे पाठवले होते, त्यातून जुन्या बाजारात एक जर्मन व्हॅक्यूम क्लीनर घेतला. आपला रशियन तुला आठवतच असेल. पुढून जेवढं ओढायचा तेवढं मागून सोडायचा. नळी उलटी लावून भिंतींना चुना मारायला तेवढा तो बरा होता.

आता अडलंय ते पिशव्या आणि फिल्टरवर. दुकानातली पोरगी म्हणते, दर महिन्याला नवी पिशवी आणि वर्षातून दोनदा मागचा फिल्टर, तोही कंपनीचाच. किंमत ऐकून मी खोकं गुपचूप परत फळीवर ठेवलं. दाजी म्हणतात, एवढ्या पैशात दुसरी बायको येईल आणि ती हाताने झाडेल. जिना चढताना तीनदा बसावं लागतं, पण जिभेला काही झालेलं नाही.

तू बाजारात याच मालाचा ठेला लावून बसलायस. कशावर पैसे घालावेत आणि कशावर नाही, ते खरंखरं सांग. स्वस्त हवं, पण त्यांच्या छातीशी खेळ नको.

एकटा आहेस म्हणून उभ्याउभ्या जेवू नकोस. ताईवर लोभ आहे तसा राहू दे.

तुझी,
दोन्काताई

---

रुसे
२४ ऑक्टोबर २००३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बसवाल्या स्तामातने पत्र दिलं. दाजींचं वाचल्यापासून दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत होतो. संध्याकाळी एक पेला राकिया घेतली तेव्हा कुठे लिहिण्याइतका माणसात आलो.

तुझं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. भाऊ या धंद्यात म्हातारा झाला आणि तू दुकानातल्या पोरीला विचारत बसलीस. आता नीट ऐक. कागदाची पिशवी सगळ्यात स्वस्त, पण तिच्यातून बारीक धूळ पिठाच्या चाळणीसारखी गळते, ती घेऊ नको. चेनवाली कापडी पिशवी जन्मभर पुरते असं सगळ्या बायका सांगतील. ती तर नकोच, कारण ती रिकामी करताना महिन्याची धूळ एकदम तोंडावर येते. आपल्याला हवी ती चारपाच पदरी, हाताला बनातीसारखी लागणारी. कंपनीचीच हवी असं काही नाही. तसल्याच बिनकंपनीच्या पिशवीचं पुठ्ठ्याचं तोंड तुझ्या यंत्राच्या मापाने कापून पाठवतोय. पाऊण भरली की काढायची, ठासून भरायची नाही. इथे काटकसर करू नको.

काटकसर करायची ती फिल्टरवर. मोटरच्या पुढचा स्पंज असतो, तो धुवायचाच असतो. मागचा पांढरा, घड्याघड्यांचा, तोच महाग. त्यावर लिहिलेलं असतं धुवू नका. ते कंपनीवाले लिहिणारच, नाहीतर नवा कोण घेईल. मी माझ्या घरी कितीतरी वर्षं कोमट पाण्यात साबणाने धुऊन तोच वापरतोय आणि बघ कसा ठणठणीत आहे. दर शनिवारी नळाखाली धर, झटक, वाळव, परत लाव. एक फिल्टर दाजींना पुरून उरेल.

सगळं स्तामातबरोबर पाठवलंय. पैशाचा विषय काढलास तर पुढचं पत्र फाडून टाकीन. दाजींना सांग, दुसरी बायको करायची तर रुसेची करू नका, इथल्या बायका यंत्रसुद्धा नवऱ्याकडून चालवून घेतात.

दोघांचा लोभ आहे, तो वाढावा.

तुझा,
मिन्चो

---

दोल्ना रेका
२१ डिसेंबर २००३

चि. मिन्चो यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पिशव्यांनी घराची कळा बदलली. उन्हाची तिरीप आली की हवेत जे कण नाचताना दिसायचे, ते आता दिसत नाहीत. दाजी खिडकीशी बसून तेच तपासत असतात आणि मला मार्क देतात. नोव्हेंबरात एकदा स्वतःच्या पायाने खाली बाकापर्यंत जाऊन आले. मी तुला मनातल्या मनात खूप दुवा दिला.

काल इग्नाझदेनचा सण. पहाटे पहिला जो उंबरा ओलांडेल त्याच्या पायगुणावर वर्ष जातं, हे तुला सांगायला नको. दरवर्षी शेजारची पेना येते, पण ती शेगडीची राख अंगावर घेऊन येते, म्हणून मी तिला आदल्या दिवशीच नको म्हणून सांगितलं. ती फुगली. मग दाजींनीच तोड काढली. कोट चढवून जिन्यात गेले, दार वाजवलं आणि स्वतःच पाहुणे म्हणून आत आले. मी त्यांच्यावर गहू आणि अक्रोड उधळले. आमच्याच घरात आम्हीच शुभ पावलाचे. खूप हसलो, मग त्यांना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

फिल्टर दर शनिवारी न चुकता धुते. अडचण एवढीच की या थंडीत तो वाळत नाही. गच्चीत टांगला तर गोठतो, शेगडीजवळ ठेवला तर त्याची प्लास्टिकची चौकट वाकते. एक दिवसही यंत्र न फिरवता ठेवायची मला भीती वाटते, म्हणून टॉवेलात दाबून थोडा ओलसरच परत लावते. त्यामुळे यंत्र सुरू केलं की तळघरासारखा वास येतो. दाजी म्हणतात, वाइनचं पिंप उघडल्यासारखं वाटतं, तेवढीच मजा. त्यात काही बिघडत नाही ना, ते कळव.

लोणच्याची कोबी पाठवलीय, बरणी परत दे. लोभ ठेव.

तुझी,
दोन्काताई

---

रुसे
६ जानेवारी २००४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोबी संपली, बरणी स्तामातकडे दिलीय. दाजी स्वतःच्याच घरी पाहुणे झाले ही गोष्ट मी अख्ख्या बाजाराला सांगितली. शेजारचा चपलावाला म्हणतो, असा नवरा असेल तर यंत्राला पिशवी नसली तरी चालेल.

वासाचं मनाला लावून घेऊ नको. ओल्या कापडालाही वास येतो म्हणून आपण कापड फेकतो का? पिशवीत कापसाच्या बोळ्यावर लॅव्हेंडरच्या तेलाचे दोन थेंब टाक, खोली फुलांच्या मळ्यासारखी होईल. माझी एवढ्या वर्षांची सवय आहे, विश्वास ठेव.

वसंतात द्राक्षवेलींची छाटणी झाली की येतो. दाजींना म्हणावं, तोवर बाकापर्यंत रोज जात चला. लोभ असावा.

तुझा,
मिन्चो

---

दोल्ना रेका
१२ फेब्रुवारी २००४

चि. रालित्सा हिस,
आशीर्वाद.

शेजारच्या फोनवर तुला कळलंच आहे. बाबा शनिवारी गेले. तू येऊ शकली नाहीस याबद्दल एक शब्दही मनात आणू नकोस. कागदपत्रं हातात नसताना निघाली असतीस तर परत जाता आलं नसतं आणि त्यांनाच ते आवडलं नसतं. शेवटी शेवटी तुझा फोटो उशीखाली मागून घेतला होता, तो त्यांच्याबरोबर दिला.

फोनवर सांगता आलं नाही ते लिहिते. जानेवारीच्या मध्यापासून ताप उतरेना. मग थुंकीतून रक्त यायला लागलं. हॉस्पिटलात तपासून डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, घराच्या भिंतीला ओल आहे का, माणूस तळघरात बसतो का, कबुतरं पाळलीत का, गवताची गंजी आहे का. मी सगळ्याला नाही म्हणाले. छातीत बुरशी धरलीय म्हणाल्या. धडधाकट माणूस अशी बुरशी रोज श्वासाबरोबर घेतो आणि त्याला कळतही नाही, पण अशा फुप्फुसात ती मुळं धरते. ती कुठून आली हे त्यांना समजेना. मलाही तेव्हा समजलं नाही, देवाशपथ.

बाबा घरात होते तोवर रीतीप्रमाणे कुणी केर काढला नाही. त्यांना बाहेर काढल्यावर पेना मागे थांबली, सगळं घर तिने झाडून घेतलं आणि केरसुणी मोडून लांब फेकली. डिसेंबरातला राग तिने धरला नाही. यंत्राला मात्र तिने हात लावला नाही. तिला वाटलं, महागाचं आहे, बिघडेल.

माणसं जेवून गेल्यावर ते मी उघडलं. शेवटची धूळ त्यांच्या मागोमाग जायला हवी म्हणून पिशवी काढायला गेले. मागचं झाकण काढलं तर तो पांढरा फिल्टर हिरवा-काळा झाला होता. घडीघडीत लव उगवली होती, शिळ्या पावावर येते तशी. आणि तोच वास. रालित्सा, मी रोज सकाळी त्यांच्या पलंगाभोवती ते यंत्र फिरवत होते. ते बिचारे पाय वर घेऊन बसायचे.

तू तिथे हॉटेलात खोल्या झाडतेस. तुमच्याकडे हा फिल्टर धुतात का, एवढं मला कळव. मिन्चोमामाला यातलं अक्षर लिहू नकोस. त्याने मायेपोटी सांगितलं आणि बायको गेल्यापासून त्याला आमच्याशिवाय कोण आहे. त्याने हाय खाल्ली तर मी दोघं गमावून बसेन.

तुझी,
आई

---

व्हॅलेन्सिया
२१ फेब्रुवारी २००४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की त्याची घडी फाटली. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं. आमच्याकडे तो फिल्टर कुणी धुवत नाही. पहिल्याच दिवशी मुकादमीण बाईने आम्हा सगळ्यांना समोर उभं करून दाखवलं होतं. स्पंज धुवायचा आणि खडखडीत वाळल्याशिवाय लावायचा नाही. पांढऱ्याला पाणी लागू द्यायचं नाही, कारण पाण्याने तो आतून फाटतो, धूळ अडवत नाही आणि ओल धरतो. काळवंडला की सरळ कचऱ्यात.

मी हे कितीदा केलंय, हातासरशी. त्याच हाताने तुला एक ओळ लिहिली असती तर, असं रोज मनात येतं. पण तू यंत्राबद्दल मला कधी काही विचारलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही.

बाबांची फुप्फुसं कारखान्याने आधीच संपवली होती, त्यामुळे फिल्टरनेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मी स्वतःला हेच सांगते. तूही सांग. मामाला मी काही लिहिणार नाही, पण सध्या मला त्याला पत्रच लिहिता येणार नाही. राग येतो, मग तो रागही खोटा वाटतो आणि रडायला येतं.

जेवत जा. माझ्यावर लोभ असू दे.

तुझी,
रालित्सा

---

रुसे
२ मार्च २००४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सगळं शहर मनगटाला वसंताच्या सणाचे लाल-पांढरे दोरे बांधून फिरत होतं. मी बांधला नाही. दाजी असते तर म्हणाले असते, मिन्चो, तुझ्यासारख्या काटक हाताला दोरा शोभत नाही, पट्टा बांध. असं काहीबाही आठवतं आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून निघून जातं.

एका गोष्टीचा मला आधार आहे, ती तुला सांगतो. मला भाऊ नव्हता, तो दाजींनी भरून काढला, आणि मला त्यांच्यासाठी करता आलं ते एवढंच, की शेवटचा हिवाळा त्यांनी स्वच्छ हवेत काढला. उन्हात कण दिसत नाहीत हे तुझं वाक्य मी पाठ करून ठेवलंय. रात्री पडल्यावर तेच म्हणतो.

म्हणून मी ठरवलंय. दाजींच्या चाळिसाव्या दिवशी तुम्ही गहू आणि पोळ्या वाटाल, मी माझ्या मालातलं वाटणार. ज्यांच्या घरी छातीचा आजारी आहे त्यांना एकेक फिल्टर फुकट, दाजींच्या नावाने, देव व्हेलिकोला क्षमा करो एवढंच म्हणून घ्यायचं. ठेल्यावर पुठ्ठ्याची पाटी लावलीय, मोठ्या अक्षरात, धुवा, टाकू नका. चाळिसाव्याची वाट न बघता तिघांना देऊनही टाकले. एक तर नदीपलीकडची रुमानियन बाई होती, कडेवर धाप लागलेली पोर. शनिवारच्या बाजाराला आली होती. तिला आपली भाषा येईना, मला तिची. मग नळ कसा सोडायचा, साबण कसा चोळायचा, परत कसा बसवायचा, सगळं हातांनी करून दाखवलं. तिला अगदी बरोबर समजलं. जाताना माझ्या हाताचं चुंबन घेऊन गेली गं.

चाळिसावा तेरा तारखेच्या शनिवारी धरलाय ना? मी शुक्रवारच्या गाडीने येतो. तुझा लोभ हाच आता मला उरलेला लोभ.

तुझा,
मिन्चो

---

दोल्ना रेका
५ मार्च २००४

चि. मिन्चो यास,
आशीर्वाद.

हे पत्र ठेल्यावर उभ्याउभ्या वाचू नको. घरी जा, बस, आणि मग वाच. मी तुला कधीच सांगणार नव्हते. रालित्सालाही बजावलं होतं. तू ती पाटी लावली नसतीस तर मी हे माझ्याबरोबर मातीत नेलं असतं.

तो पांढरा फिल्टर धुवायचा नसतो. त्यावर लिहिलेलं असतं ते खरं असतं. पाण्याने तो फाटतो आणि ओल धरून बुरशी धरतो. तुझी छाती लोखंडाची आणि तुझं घर उन्हाचं, म्हणून तुला काही झालं नाही. दाजींच्या छातीत डॉक्टरांना बुरशी सापडली. यंत्र उघडलं तेव्हा ती फिल्टरवरही सापडली. त्यानेच झालं की त्यांचं तसंही होणारच होतं, हे डॉक्टरीणबाई सांगू शकत नाहीत आणि मीही सांगू शकत नाही. पण मला तो वास डिसेंबरपासून येत होता. तू म्हणालास लॅव्हेंडर टाक, मी टाकलं. सांगणारा तू, करणारी मी. नाक माझं होतं, मिन्चो. यात तुझा जेवढा वाटा तेवढाच माझा, आणि मी माझ्या वाट्यातलं तुला काही देणार नाही.

तुझा आधार काढून घेतेय हे मला कळतं. पण ती पोर तुझ्या डोळ्यांसमोर धापा टाकत होती आणि तू तिच्या आईला हातांनी दाखवलंस. मी गप्प राहिले तर आता ते मी जाणूनबुजून केलेलं होईल.

फिल्टर बरणीत घट्ट बंद करून पाठवतेय. झाकण उघडू नको, काचेतूनच बघ. तुला बघितल्याशिवाय पटायचं नाही, तुझा स्वभाव मला माहीत आहे. बघितलास की पाटी उतरव आणि त्या तिघांना शोध.

मग पुढच्या शुक्रवारी ये. दार उघडंच आहे. चाळिसाव्याला जमलेल्या बायका काही बोलणार नाहीत, कारण त्यांना काही माहीत नाही. मी बोलणार नाही, कारण मला जे बोलायचं होतं ते इथे लिहून झालं. तू माझा धाकटा भाऊ आहेस. लोभ होता तेवढाच आहे, तो कमी करायला मला जमत नाही.

तुझी,
दोन्काताई

---

रुसे
११ मार्च २००४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बरणी मिळाली. काचेतून बघितलं.

पाटी फाडून शेगडीत घातली. माझ्या यंत्राचा फिल्टर काढून टाकला. तिघांपैकी म्हातारा निवृत्त मास्तर दुसऱ्या गल्लीतच राहतो, त्याच्याकडून परत आणला. दुसरी रेल्वेच्या चाळीतली, तिनेही दिला, मी रडतोय बघून तिला वाटलं मी प्यालोय. दोघांनाही नवा दिला आणि सांगितलं की हा काळवंडला की माझ्याकडे या, पाणी लावू नका.

रुमानियन बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. सोमवारी पूल ओलांडून पलीकडे गेलो, त्यांच्या बाजारात फिरलो. काय विचारणार? धापा टाकणारी पोर असलेली बाई, एवढंच मला माहीत. लोकांपुढे हातांनी पोर करून दाखवली, छाती वरखाली करून दाखवली. एकाने मला पाणी आणून दिलं, त्याला वाटलं मलाच दम लागलाय. संध्याकाळी परत आलो.

ताई, मी चाळिसाव्याला येणार नाही. रागावू नकोस. शनिवार आहे, आणि ती शनिवारचीच येते. तू गहू वाटशील तेव्हा मी ठेल्यावर असेन. विकायला काही मांडणार नाही. फक्त बसून राहीन, म्हणजे ती आली तर तिला मी जागेवर सापडेन. या शनिवारी नाही आली तर पुढच्या.

धुवायचं कसं ते मी तिला हातांनी एका मिनिटात समजावलं होतं. धुवू नको हे हातांनी कसं सांगायचं, ते चार दिवस आरशासमोर करून बघतोय. नळ दाखवून हात हलवला तर वाटतं पाणी नाही म्हणतोय. छाती धरली तर वाटतं आपलं दुःख सांगतोय. शेवटी पलीकडच्या एका ड्रायव्हरकडून त्यांच्या भाषेत एक वाक्य घेतलंय. नको, धुऊ नको, माझं चुकलं. दिवसभर तेवढंच घोकतो.

माझ्या नावाची मेणबत्ती दाजींपुढे लाव. त्यांना म्हणावं, मिन्चो ठेल्यावर आहे. लोभ तू ठेवला आहेस, तो मी घेतो.

तुझा,
मिन्चो